चुलीपाशी गिरवलेली अक्षरे

बडोद्याला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेची वाचनवही पाहण्यासारखी आहे. वही साधीच, दोनशे पानी, वाण्याच्या दुकानात मिळते तशी. वाचून संपलेल्या प्रत्येक पुस्तकाबद्दल त्या तिच्यात आपले मत लिहून ठेवतात. त्यांचे नियम दोनच. पुस्तक मिटल्यावर चार दिवस जाऊ द्यायचे आणि मगच लेखणी हातात घ्यायची. दुसरे, लेखकाचे नाव मोठे आहे म्हणून न आवडलेले आवडले असे लिहायचे नाही. त्यामुळे या वहीत कौतुक आहे, तशी तक्रारही आहे. ‘पन्नास पाने कमी असती तर बरे झाले असते’ असे शेरे आहेत आणि ‘पुन्हा वाचायचे’ अशा खुणाही आहेत.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी एकापाठोपाठ पाच आत्मचरित्रे वाचली. पाचही बायकांनी लिहिलेली. निमित्त घडले त्यांच्या आजीच्या आठवणीचे. आजी बडोदे संस्थानातली. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली संस्थानभर मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. त्यामुळे आजीला लिहिता-वाचता येत होते. घरच्यांची इच्छा असो वा नसो, कायदाच होता! पण जिथे असा कायदा नव्हता, तिथल्या बायका वाचायला कशा शिकल्या असतील? हा प्रश्न डोक्यात घेऊन बाई ग्रंथालयात गेल्या. महाराजांनीच १९१० साली सुरू केलेल्या या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी पुस्तकांना तोटा नाही. तिथून काही पुस्तके आणली, एक सुनेने दिले, एक घरात आधीपासूनच होते.

या पाच पुस्तकांवरची त्यांची मते सर्वांनाच पटतील असे नाही. पण ती प्रामाणिक आहेत आणि विचार करायला लावणारी आहेत.

चोरून वाचलेले पान

पहिले पुस्तक बंगालचे. रससुंदरी देवी यांचे ‘आमार जीवन’. बंगाली भाषेतले हे पहिले आत्मचरित्र मानले जाते आणि ते लिहिले आहे शाळेचे तोंडही धडपणे न पाहिलेल्या एका गृहिणीने. इतिहासकार तनिका सरकार यांनी १९९९ साली ‘वर्ड्स टु विन’ या पुस्तकात त्याचे इंग्रजी भाषांतर आणि विवेचन केले. सुनेने दिले ते हेच. बाईंनी ते शब्दकोश जवळ घेऊन वाचले.

रससुंदरींचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. बाराव्या वर्षी लग्न झाले. पुढे बारा मुले झाली. मोठे खटले, दिवसभर रांधणे-वाढणे. बाईमाणसाने अक्षर ओळखणे हे त्या काळी पाप समजले जाई. पण त्यांच्या मनाने एकच ध्यास घेतला होता, ‘चैतन्य भागवत’ स्वतः वाचायचे. पंचविशीच्या सुमाराला त्यांनी त्या पोथीचे एक पान काढून लपवले. मुलगा ताडपत्रावर अक्षरे गिरवत असे, त्यातले एक पत्र उचलले. स्वयंपाकघरात, डोक्यावरच्या पदराच्या आड, पोथीतले अक्षर आणि मुलाने गिरवलेले अक्षर जुळवून पाहत पाहत ही बाई वाचायला शिकली. कुणी शिकवले नाही, कुणाला विचारण्याची सोय नव्हती. लिहायला तर त्या कितीतरी वर्षांनी शिकल्या.

वहीत याबद्दल लिहिताना बाईंनी तक्रार आधी नोंदवली आहे. पुस्तकात देवाच्या स्तुतीचे परिच्छेद जागोजागी येतात आणि कथानक तिथे अडते. काही त्यांनी चक्क गाळले. पण मध्येच असे काही येते की वाचणारा थबकतो. उदाहरणार्थ, घोड्याचा प्रसंग. अंगणात नवऱ्याचा घोडा आणलेला. घोडा यजमानांचा, मग त्याच्यासमोर कसे जायचे, या संकोचाने रससुंदरी आडोशाला थांबतात. बाईंना आधी हसू आले. मग लक्षात आले की, रससुंदरी स्वतःच या भित्रेपणाची गंमत सांगत आहेत, आणि सांगता सांगता त्या काळच्या सुनेचे सगळे जिणेच उघड करत आहेत. आई आजारी असताना तिला भेटायला जाता आले नाही, हे दुःख मात्र त्या हसण्यावारी नेत नाहीत. सासरी सारे चांगले असूनही आपण पिंजऱ्यात आहोत हे त्यांना कळत होते. बाईंच्या मते या पुस्तकाचे मोल याच जाणिवेत आहे.

शिकवणारा नवरा

दुसरे पुस्तक रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, १९१० साली ते प्रसिद्ध झाले. इथे परिस्थिती रससुंदरींच्या अगदी उलट. लग्न १८७३ साली झाले. नवरी अकरा वर्षांच्या आसपासची, नवरदेव एकतीस वर्षांचे आणि बिजवर. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केले. पण लग्न झाल्यावर तिला शिकवायचे हे मात्र त्यांनी पक्के ठरवले. मराठी झाले, मग इंग्रजी सुरू झाले.

म्हणजे इथे नवरा अनुकूल. अडचण होती ती घरातल्या बायकांची. नवऱ्याने शिकवायचे आणि दिवसभर माजघरात त्याच शिकण्यावरून टोमणे खायचे, अशा कात्रीत ही मुलगी सापडली. न शिकावे तर नवरा नाराज, शिकावे तर सासरच्या बायका नाराज. नवऱ्याचा राग म्हणजे आरडाओरडा नव्हे, अबोला. तो जास्त जिव्हारी लागणारा.

या पुस्तकावरचे बाईंचे मत ऐकून काहींना राग येईल. रमाबाईंची भाषा त्यांना फार आवडली. घरातले संवाद जसेच्या तसे उभे राहतात. तरीही त्यांच्या मते पुस्तकात रमाबाई कमी आहेत आणि रानडे जास्त. पतीचे मोठेपण सांगताना लेखिका स्वतःला सारखी मागे सारते. याच रमाबाईंनी पुढे पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडल्या. एवढ्या कर्तबगार बाईला कधीच संताप आला नसेल का? तो या पानांत का दिसत नाही?

हा आक्षेप घेतल्यावर बाईंनी खाली आणखी एक ओळ लिहिली आहे. १९१० साली एका विधवेने नवऱ्याबद्दल याहून वेगळे लिहिले असते, तर ते छापले असते कुणी? आणि छापले तरी वाचले असते कुणी? म्हणून हे पुस्तक वाचताना जे लिहिले आहे त्याच्याइतकेच जे लिहिले नाही त्याकडेही लक्ष द्यावे, असे त्या सुचवतात. टोमणे सांगताना रमाबाई कुणाबद्दल कडवट होत नाहीत. शिकायला न मिळालेल्या त्या बायकांना दुसरीचे शिकणे सोसवले नाही, हे त्या समजून घेतात. हा मनाचा मोठेपणा बाईंना विशेष वाटला.

हसता हसता डोळे पुसायला लावणारे

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ बाईंच्या घरातच होते. १९३४ सालापासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि आजतागायत मराठी घरांतून वाचले जात आहे. बाईंनीही ते तरुणपणी वाचले होते. या वेळी पुन्हा वाचले आणि वहीत त्यापुढे ठळक अक्षरांत लिहिले, ‘पाचांत पहिले’.

लक्ष्मीबाईंचे यजमान म्हणजे कवी नारायण वामन टिळक. मनाने उदार, डोक्याने तापट, हातात पैसा टिकायचा नाही, आणि केव्हा घर सोडून निघून जातील याचा नेम नाही. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. सोवळ्या-ओवळ्याचे वेड घेतलेल्या वडिलांच्या घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. पाच वर्षे त्या लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे पुन्हा नवऱ्याकडे आल्या आणि १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण त्याआधी त्यांच्या मनातला जातिभेद गेला होता. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, हे त्यांना विचार करता करता एकदा लख्ख पटले आणि त्याच क्षणी त्यांनी विटाळ मानणे सोडले.

एवढ्या उलथापालथी, पण पुस्तकात रडगाणे नाही. स्वतःची फजिती त्या जितक्या मोकळेपणाने सांगतात, तितक्याच मोकळेपणाने टिळकांची सांगतात. त्यांचे शिक्षण घरीच, तेही धरसोडीचे. पण याच बाईने टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे राहिलेले महाकाव्य त्यांच्या पश्चात पूर्ण केले!

शिक्षिका म्हणून तीस वर्षे शुद्धलेखन तपासलेल्या बाईंना इथे एक गोष्ट खटकली, ती स्वतःबद्दल. उत्तम भाषेला शाळेची पायरी लागतेच असे त्या आयुष्यभर मुलांना सांगत आल्या. ‘स्मृतिचित्रे’ वाचून त्यांना वाटले की चांगल्या भाषेला शाळेइतकाच उपयोग कानांचा होतो. लक्ष्मीबाई बोलल्यासारखे लिहितात, म्हणून नव्वद वर्षांनीही त्या शेजारी बसून गोष्ट सांगत आहेत असे वाटते. ज्या घरात पुस्तके वाचण्याची सवय मोडली आहे, तिथे रात्री जेवणानंतर यातले एकेक प्रकरण मोठ्याने वाचून पाहावे, अशी शिफारस त्यांनी केली आहे. शांता गोखले यांनी केलेले संपूर्ण इंग्रजी भाषांतरही २०१७ साली निघाले आहे. मराठी बोलतात पण वाचत नाहीत अशी परप्रांतात वाढलेली नातवंडे असतील, तर त्यांच्या हाती ते द्यायला हरकत नाही.

रद्दीच्या कागदावरून वाचणारी

चौथे पुस्तक बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’. १९८६ साली पुस्तकरूपाने आलेले. हे पुस्तक पडल्या पडल्या वाचता येत नाही, उठून बसावे लागते, असे बाईंनी लिहिले आहे.

बेबीताई वीरगावच्या महारवाड्यात आजोळी वाढल्या आणि पुढे आयुष्य फलटणला गेले. शिक्षण चौथीपर्यंत, लग्न तेराव्या वर्षी. घर चालवण्यासाठी छोटे दुकान काढले. दुकानात माल बांधायला रद्दीचे कागद येत. पुडी बांधायच्या आधी बेबीताई ते कागद वाचून घेत. आवडलेला मजकूर बाजूला ठेवत. असे वाचता वाचता त्या लिहू लागल्या, आणि नवऱ्यापासून, मुलापासून लपवून ते लिखाण त्यांनी वीस वर्षे जपले. पुढे फलटणला आलेल्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनामुळे ते लोकांपुढे आले.

बाईंनी पुस्तकाचे नाव पुन्हा पुन्हा गिरवले आहे. ‘माझं’ नव्हे, ‘आमुचं’! भूक, रोगराई, गावकीची राबणूक, अंगात येणे, नवस, पोरवयातली लग्ने हे सारे एका बाईचे नाही, एका अख्ख्या वस्तीचे आहे. सवर्ण समाजाने केलेला छळ बेबीताई रोखठोक सांगतात. पण आपल्याच माणसांनी आपल्याच सुनांना कसे छळले, तेही लपवत नाहीत. जेजुरीला आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुलांना शाळेत घाला असे सांगितले, आणि ते ऐकून अडाणी आयांनी खरोखरच मुले शाळेत घातली, हा भाग बाईंनी दोनदा वाचला. शाळा म्हणजे काय हे ज्यांना माहीत नव्हते, त्या बायकांनी हा निर्णय घेतला!

एक गोष्ट बाईंना पुस्तक संपल्यावर कळली. माया पंडित यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००८ साली निघाले. त्यासोबत बेबीताईंची मुलाखत आहे. नवऱ्याच्या हातचा मार त्यांनीही सोसला होता, हे त्या मुलाखतीत सांगतात. मूळ पुस्तकात मात्र त्याचा उच्चार नाही. साऱ्या वस्तीचे दुःख जिने मांडले, तिने स्वतःचे हे दुःख पुस्तकाबाहेर ठेवले. रमाबाईंच्या पुस्तकाबद्दल लिहिलेली ओळ बाईंनी इथे पुन्हा लिहिली आहे: जे लिहिले नाही त्याकडेही लक्ष द्यावे.

सगळे वाचता येते, पण...

शेवटचे पुस्तक सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’. १९९० साली आले तेव्हा घरोघरी त्यावर वाद झाले. पु. ल. देशपांडे म्हणजे महाराष्ट्राचे लाडके लेखक. त्यांच्या संसाराबद्दल त्यांच्या पत्नीने इतके स्पष्ट लिहावे, हे अनेकांना रुचले नव्हते.

या पुस्तकात अक्षरे मिळवण्याची लढाई नाही. सुनीताबाई शिकलेल्या, बेचाळीसच्या चळवळीत उतरलेल्या, कवितांवर जीव टाकणाऱ्या. पुलंच्या बरोबरीने त्यांनी बोरकर-मर्ढेकरांच्या कवितांचे जाहीर वाचन केले. म्हणजे वाचायला बंदी नाही, लिहायला बंदी नाही, नवराही जुलमी नाही. तरीही तक्रार आहे. संसाराचा, व्यवहाराचा, नवऱ्याच्या लेखनाभोवतीच्या साऱ्या कामांचा भार आपण उचलला आणि तो उचलला गेला हे कुणाच्या लक्षातही आले नाही, ही ती तक्रार.

याबद्दल बडोद्याच्या घरात सासू-सुनेचे एकमत नाही. सुनेच्या मते पाचांत हेच पुस्तक सर्वांत धीट. नवऱ्याच्या दोषांइतकेच लेखिका स्वतःच्या दोषांकडेही निर्दयपणे पाहते, हे तिला महत्त्वाचे वाटते. सासूबाईंना मात्र मधली काही पाने लांबलेली वाटली. तीच खंत पुन्हा येते, असे त्यांचे म्हणणे. पण ज्याने पुलंची सगळी पुस्तके वाचली आहेत त्याने हेही वाचलेच पाहिजे, यावर दोघींचे एकमत आहे. हसवणाऱ्या माणसाच्या घरात बिलांचा हिशेब कुणी ठेवला, हे कळायला नको?

पाच पुस्तकांनंतरचा प्रश्न

वहीच्या पुढच्या पानावर बाईंनी पाचही पुस्तकांचा मिळून विचार केला आहे. एकीने पोथीचे पान लपवले. दुसरीला नवऱ्याने शिकवले, पण घरातल्या बायकांनी छळले. तिसरी मिळेल तसे, मिळेल तेव्हा शिकली. चौथीने पुडीचा कागद वाचला. पाचवीला सगळे मिळाले, फक्त स्वतःसाठी वेळ मिळाला नाही. काळ बदलत गेला तशी अडचण बदलली, संपली मात्र नाही.

आज सुशिक्षित घरात कुणी बाईला वाचू नको म्हणत नाही. पण घरातल्या कुणाच्या हातात वर्तमानपत्र असेल तर त्याला सहसा कुणी उठवत नाही आणि आईच्या हातात पुस्तक असेल तर ‘आई, जरा हे दे गं’ म्हणताना कुणालाच काही वाटत नाही. तिचे वाचन म्हणजे रिकामपण असे सगळ्यांनी धरलेले असते. आणि सर्वांत वाईट म्हणजे तिनेही. दुपारी पुस्तक घेऊन बसले की आपण काही चोरी करत आहोत असे बाईंना चाळीस वर्षे वाटत आले. कढईवर लक्ष ठेवत, भाजी निवडत, बसची वाट पाहत त्यांनी शेकडो पुस्तके वाचली. काम बाजूला ठेवून, खुर्चीत बसून, एक तासभर सलग असे मात्र क्वचितच. रससुंदरींचे पान पदराआड होते. बाईंचे पुस्तक कुणी लपवायला लावले नव्हते, तरी ते कामाच्या आडच राहिले.

पावसाळा संपता संपता त्यांनी घरात जाहीर केले की दुपारी तीन ते चार या वेळात आपल्याला हाक मारायची नाही. पहिल्या आठवड्यात हाका आल्याच. नातीने दारावर कागद चिकटवला, ‘आजी वाचते आहे’. आता हाका कमी झाल्या आहेत. शेजारच्या दोघी त्या वेळेला पुस्तक घेऊन येऊन बसतात. सूनही सुटीच्या दिवशी सामील होते. बोलायचे ते चार वाजल्यानंतर, चहाबरोबर.

हे काही फार मोठे काम नाही. त्याला पैसा लागत नाही. गावातल्या ग्रंथालयाची वर्गणी एका सिनेमाच्या तिकिटाहून बहुधा कमीच असते. ज्यांना सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ घ्यावे, असा बाईंचा सल्ला आहे. ज्यांचे वाचन बरेच झाले आहे त्यांनी ‘जिणं आमुचं’ चुकवू नये. आणि घरातल्या पुरुषांनी रमाबाईंचे पुस्तक जरूर वाचावे. बायकोला शिकवणाऱ्या नवऱ्यालाही तिच्या वाटेतल्या किती गोष्टी दिसत नाहीत, हे त्यातून समजते.

आपल्या घरात आई, बायको, सून किंवा सासू शेवटचे पुस्तक केव्हा वाचत होती, कोणते वाचत होती आणि त्याबद्दल तिचे मत काय, हे या आठवड्यात एकदा विचारून पाहा. मत ऐकताना मध्ये बोलू नका. ती ‘वाचायला वेळच नाही’ असे म्हणाली, तर तिचा वेळ कुठे जातो हेही त्याच बैठकीत विचारा. आणि त्यातले एखादे काम उद्यापासून आपल्या अंगावर घ्या.